कोशाचा कौल

डहाळीला कुंकू लागलेलं होतं. नंदिनीनं शाळेतून येऊन पाय धुतले, पदराला हात पुसले आणि रोजच्यासारखी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या खोक्यावरची जाळी उचलली, तेव्हा तिला आधी वाटलं, एखादं फुलपाखरू सुटलं असेल. बाहेर आल्यावर ते तांबूस थेंब टाकतं. पण फुलपाखरू कुठंच नव्हतं. कोश सगळे जागच्या जागी होते, कमरेला रेशमाचा एक धागा घालून लिंबाच्या डहाळ्यांना टेकलेले, वाळल्या पानासारखे. त्यांतल्या एकाच्या बुडाशी कुणीतरी बोट टेकवलं होतं. तिनं नखानं तो डाग खरवडला, वास घेतला. देवघरातल्या करंड्यातलंच कुंकू. मग तो कोश कोणता हे तिच्या ध्यानात आलं. एवढ्या कोशांत नेमका तोच. ती जाळी हातात धरून तशीच उभी राहिली. मागे भिंतीला टेकून, पाय लांब करून वहिनी सुपात तांदूळ निवडत होती आणि खडे एका वाटीत टाकत होती. खडा टाकला की वाटी वाजे. नंदिनी आल्यापासून वाटी वाजायची थांबली होती.

"वहिनी, खोक्यात कुंकू कुणी लावलं?"

"रागवणार असला तर न्हाय सांगत."

"नाही म्हणावं. न्हाय नव्हे," बाहेरच्या खोलीतून अक्का म्हणाल्या. अक्कांना अलीकडे कमी ऐकू येई, पण सुनेच्या तोंडची गारगोटीकडची माहेरची बोली त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येई. वहिनी हसली, तोंडावर पदर धरला, आणि मग आवाज खाली आणून सांगू लागली. सांगताना ती नंदिनीकडे न बघता पोटाकडे बघत होती, जणू ते तिथंच सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मूल आडवं आहे, या खेपेला सुईणीच्या हाती द्यायचं नाही, हा महिना सरायच्या आत मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेऊन ठेवा. अक्का म्हणत होत्या, पाद्र्यांच्या हातचं पाणी पिऊन या घरात मूल येणार नाही. दादा, म्हणजे नंदिनीचा मोठा भाऊ नृसिंह, कचेरीतून येऊन दोघींचं ऐकून घेई आणि चपला घालून रंकाळ्यावर फिरायला जाई. जाताना एकदा तो बायकोला म्हणाला होता, तुझं तू ठरव. वहिनीला आजवर कुणी कधी काही ठरवायला सांगितलं नव्हतं.

"आमच्याकडं असं अडलं की देवीला कौल लावतात. कळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इथं कुणाला सांगू? अक्कांना विचारायची चोरी. म्हणून यालाच विचारलं. पाखरू सुटलं तर मिरजेला जायचं. न्हाय सुटलं तर जायचं न्हाय."

"किड्याला काय कळतंय, वहिनी?"

"देवीच्या दगडाला तरी काय कळतंय? पण पडती की कळी."

वर्गात एखादी मुलगी असं बोलली असती तर तिनं तिला बाकावर उभं केलं असतं. तिनं विचारलं, "आणि इतक्यांतला हाच का धरलात?"

"अगंबाई, तुम्हीच न्हाई का त्या दिवशी भिंग घेऊन बसला होता याच्यापाशी? मी हाका मारतीय, भाजी करपली, तरी उठला न्हाई. मला वाटलं, एवढं शिकलेलं माणूस एवढा वेळ बघतंय म्हणजे यातलं पाखरू नक्की चांगलं असणार."

वाटी पुन्हा वाजू लागली. नंदिनीनं जाळी खोक्यावर ठेवली, चारी कोपरे खाली दाबले, आणि परड्यात जाऊन लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. ही सगळी अंडी तिनं याच झाडाच्या कोवळ्या पानांवरून आणली होती. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे बारके जीव, मग एका कातीनंतर एकदम हिरवेगार, डिवचलं की डोक्यावरचं नारिंगी शिंग बाहेर काढून आंबूस वास सोडणारे सुरवंट. शाळेतल्या मुली किंचाळत आणि पुन्हा डिवचत. त्या दिवशी, म्हणजे भाजी करपली त्या दिवशी, एक सुरवंट कमरेला धागा बांधून स्थिर झाला होता, कात टाकायच्या बेतात होता. तिनं पानं बदलायला जाळी उघडली होती, त्या फटीतून एक माशी आत शिरली असावी. गांधीलमाशीच्या कुळातली, पण मुंगीपेक्षाही लहान, अंगावर हिरव्या धातूची झाक. ती सुरवंटाच्या पाठीवर येऊन बसली आणि काहीच करीना. नंदिनीनं भिंग आणलं. कॉलेजात हे पुस्तकात वाचलं होतं, प्राध्यापकांनीही वाचूनच शिकवलं होतं. प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नव्हतं. माशी वाट बघत होती. सुरवंटाची कात पाठीवर उलली, आतून ओला, मऊ, फिकट हिरवा कोश वळवळत बाहेर आला, आणि त्याचं कवच टणक व्हायच्या आत ती त्याच्यावर चढली, पोट वाकवलं आणि सुई आत घातली. काढली. सरकली. पुन्हा घातली. कोश दर वेळी कमरेतून झटका देई. तेवढंच त्याला येत होतं. एका फुंकरीनं ती माशी उडाली असती. नंदिनीला आठवतं, फुंकर मारायची की नाही असा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून तिनं उलट श्वास रोखून धरला होता. मागून वहिनी हाका मारत होती. करपल्या मेथीचा वास येत होता. आणि नंदिनी सुखात होती. संस्थान विलीन झालं त्या वर्षी इंटरच्या परीक्षेत डिसेक्शन साधलं होतं, त्यानंतर इतकं सुख तिला कशातच झालं नव्हतं.

ते सुख मागून कुणीतरी बघत होतं, आणि त्याचा असा अर्थ लावत होतं. नंदिनीनं लिंबाचं पान तोडून चुरगाळलं. वहिनीचं असंच असे. ती कौतुक करायला जाई आणि माणसाचं नुकसान होई. गेल्या वर्षी साताऱ्याचे लोक नंदिनीला बघायला आले होते. मुलगा कॉलेजात रसायन शिकवणारा, कमी बोलणारा, नखं स्वच्छ कापलेली. त्यानं तिला विचारलं होतं की कोल्हापूरच्या पाण्यात क्षार किती, आणि तिनं बरोबर सांगितलं होतं. मग वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि कुणी विचारलं नसताना आनंदानं म्हणाली, "आमच्या वन्सं अळ्या पाळतात! तिथं आतच आहेत, दाखवू?" मुलाच्या आईनं तोंडाकडे नेलेला हात खाली आणला, बशीतल्या पोह्यांकडे निरखून बघितलं आणि बशी बाजूला सरकवली. दाराआडून बायडाबाई, भांडी घासायला येणारी, तिला हे सगळं नाटकच होतं, फस्सकन हसली. साताऱ्याहून पुढं पत्र आलं नाही. वहिनी त्या दिवशी जेवली नाही, आसवं गाळत राहिली, आणि नंदिनीनंच तिची समजूत घालायची, असं घरात सर्वांनी गृहीत धरलं. तिनं ती घातली. "जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" हे तिनं म्हटलं ते खरंच होतं, आणि मुद्दाम केलं नाही म्हणूनच ते तिला माफ करता येत नव्हतं. वहिनी तिच्याहून तीन वर्षांनी लहान होती. तिला वन्सं म्हणत होती.

रात्री जेवताना अक्का दादाला म्हणाल्या, "डोहाळजेवण नको म्हणते मी. दोनदा केलं, काय झालं?" पहिलं मूल गारगोटीला झालं, ते रडलंच नाही. दुसरी मुलगी याच घरात, मधल्या खोलीत. ती रडली, आणि आठवडाभर रडत राहिली. ओवा-शेपाची धुरी, खोलीचं दार लावलेलं, दारापाशी लोखंडी विळा. ती गेली त्या पहाटे वहिनीच्या मांडीवरून तिला घेऊन दादाच्या हातात द्यायचं काम नंदिनीकडे आलं होतं. दुपट्यातून एक मूठ बाहेर राहिली होती. नंदिनीनं ती आत सारताना नखं बघितली. निळसर होती, म्हणजे हृदयातच दोष असणार, शुद्ध-अशुद्ध रक्त एकत्र मिसळण्याचा. हे तिला आपोआप सुचलं आणि सुचल्याचं समाधानही वाटलं. मग मान वर केली तर वहिनी तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. काही सापडलं का, असं विचारत असल्यासारखं ते बघणं होतं. "या खेपेलाही तसंच झालं," अक्का आता भात कालवत म्हणत होत्या, "तर तिनं आपलं माहेरीच राहावं. आणायला कुणी जाणार नाही. मी आधीच सांगून ठेवते." वहिनी वाढत होती. तिनं अक्कांच्या पानात तूप वाढलं, जरा जास्तच वाढलं.

कोश बदलता आला असता. नंदिनीनं तो विचार दुसऱ्याच दिवशी केला, अगदी पायरी-पायरीनं केला. डहाळी कात्रीनं कापायची, शेजारच्या निरोगी कोशाची डहाळी तिच्या जागी खोचायची, बुडाशी कुंकू. कोश सगळे दिसायला सारखेच. वहिनीला कळणं शक्य नव्हतं. पाखरू सुटलं असतं, वहिनी मिरजेला गेली असती. नंदिनीनं कात्री घेतलीसुद्धा, जाळी काढली, आणि तिला स्वतःचीच चीड आली. म्हणजे कौल खरा मानायचा, आणि वर तो खोटा पाडायचा. दोन्हीकडून लबाडी. बी.एस्सी. झालेल्या बाईनं चोरून कोशाला कुंकू लावत बसायचं. त्यापेक्षा सरळ सांगावं: वहिनी, हे सगळं खूळ आहे, कौलबिल सोडा आणि डॉक्टरीणबाई सांगताहेत ते करा. हे सांगायचं तिनं पक्कं केलं, आणि मग शाळेत सहामाही परीक्षा लागली. सांगायला बसलं की वहिनी म्हणे, "थांबा की वन्सं, सुटू दे तर खरं." त्या 'सुटू दे'मध्ये इतका भरवसा असे की नंदिनी पुन्हा पेपर ओढून घेई. आणि आत कुठंतरी, हे ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली नाही, तिला बघायचंच होतं. माशा किती निघतात, कुठून निघतात. पुस्तकात लिहिलं होतं तसंच होतं का.

बाकीचे कोश एकेक करून काळवंडले, कवचातून पिवळे ठिपके दिसू लागले, आणि सकाळच्या उन्हात फुलपाखरं बाहेर पडून जाळीला उलटी लोंबकळली. वहिनी प्रत्येकाला बघायला येई, पोटाखाली हात धरून. ओल्या, चुरगळलेल्या पंखांत हळूहळू द्रव भरून ते ताठ होत, तोवर ती हलत नसे. "आता याचा नंबर," ती म्हणे. तो मात्र तसाच तपकिरी होता. बायडाबाई एकदा भांडी पालथी घालता घालता म्हणाली, "अळ्यांचं बाळंतपण काढायलाय व्हय तुमी दोघी? त्यास्नी तरी सुईण लागत न्हाय, बरं हाय त्यांचं." आणि आपल्याच बोलण्यावर खदाखदा हसली. वहिनीही हसली. महिना सरत आला होता. दादा हल्ली रंकाळ्यावरून उशिरा येई.

मग एका रविवारी दुपारी, अक्का आडव्या झाल्या होत्या, दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, आणि नंदिनी मधल्या खोलीत परीक्षेचे पेपर तपासत बसली होती, तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली.

"वन्सं! अवो वन्सं, या की हिकडं! सुटलं की वो!"

नंदिनी धावली. कोशाच्या पाठीला टाचणीनं पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक पडलं होतं. त्यातून एक डोकं बाहेर आलं, मिशा हलल्या, आणि हिरव्या धातूची ती चिमुकली माशी बाहेर पडून पंख पुसू लागली. तिच्यामागून दुसरी. मग आणखी. जाळीवर, डहाळीवर, काचेवर त्या पळत होत्या, उन्हात चमकत होत्या. वहिनी खिडकीला गाल लावून बघत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला नंदिनीनं लग्नातही बघितला नव्हता.

"बघा तरी! एक मागितलं तर किती दिली! एवढ्याशा घरात एवढी लेकरं! अजून येतायत की. देवीनं भरून दिलं, वन्सं." तिनं डोळे पुसले, भोकाकडे बघून हात जोडले, आणि पाठीवर हात टेकून उठली. "मी ट्रंक भरते. यांना सांगते तांग्याचं. अक्का काय म्हणायचं ते म्हणू देत आता." आणि ती खरंच गेली. मधल्या खोलीत ट्रंकेचं झाकण भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. दादाशी ती काहीतरी बोलली, आणि दादा चक्क हसला.

नंदिनी खोक्यापाशी उभी होती. तिनं काही केलं नसतं, फक्त तशीच उभी राहिली असती, तरी सगळं झालं असतं. उद्या सकाळची गाडी, मिरज, दवाखान्यातली खाट. तिला हे स्पष्ट दिसत होतं. त्याचबरोबर एक खाज सुटली होती. तिला दुसरा शब्द सापडेना. मघाशी एक पेपर तिनं तपासायचा अर्धा ठेवला होता. त्यात एका मुलीनं गणित पूर्ण चुकीच्या रीतीनं सोडवलं होतं आणि उत्तर बरोबर आलं होतं. अशा उत्तराला ती एकही गुण देत नसे. मुली रडत, बाई, पण उत्तर आलंय ना. ती म्हणे, आलं असेल, तुला आलेलं नाही. लेकरं म्हणे. तिनं भिंगातून बघितलेलं, श्वास रोखून बघितलेलं, सबंध कोल्हापुरात तिच्याशिवाय कुणीही न बघितलेलं ते. आणि त्याची ही बाई लेकरं करून टाकत होती. साताऱ्याच्या लोकांपुढं केलं तसंच. आता हे ती बायडाबाईला सांगेल, आळीभर सांगेल, वन्संनीच कोश निवडला म्हणून सांगेल. नंदिनी मधल्या खोलीत गेली.

वहिनी जमिनीवर बसून ट्रंकेत लुगड्याच्या घड्या लावत होती. जुन्या धोतराची दुपटी तिनं आधीच तळाशी घातली होती.

"वहिनी, ती फुलपाखराची पिल्लं नाहीत."

"मग?"

नंदिनी तिच्यासमोर बसली. तिनं सोप्या शब्दांत सांगितलं, वर्गात सांगते तसं, काही न गाळता. ती माशी वेगळी असते. कोश कोवळा असताना ती त्याला सुईनं भोक पाडून आत अंडी घालते. अंड्यांतून अळ्या निघतात. त्या आतलं खातात, सगळं, हळूहळू. कवच तसंच राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत फुलपाखरू वाढतंय. शेवटी खायला काही उरत नाही, तेव्हा माशा होऊन बाहेर पडतात. "तुम्ही कुंकू लावलंत त्याच्या आधीच तो टोचलेला होता. मी त्या दिवशी बघत होते ते तेच."

वहिनीचे हात घडीवर थांबले. मग तिनं विचारलं, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि त्याला? आतल्या पाखराला? त्याला कळलं असंल का, आपल्याला खातायत म्हणून?"

नंदिनीनं विचार केला. प्रश्न चांगला होता. "त्याबद्दल अजून कुणाला नक्की सांगता आलेलं नाही," ती म्हणाली.

वहिनीनं मान हलवली. दुकानदारानं साखर संपली म्हणून सांगितल्यावर हलवावी तशी. मग एकेक लुगडं काढून तिनं खुंटीवर टाकलं. दुपटी मात्र काढली नाहीत. त्यांच्यावरच झाकण लावलं आणि ट्रंक कॉटखाली सरकवली. सरकवताना तिला कष्ट पडत होते. नंदिनीनं हात लावला नाही.

"सकाळचाच सांगू ना तांगा?" दादानं दारातून विचारलं.

"नको. आता मिरजेला कशाला?"

"अगं, आत्ता तर म्हणालीस—" तो एकीकडून दुसरीकडे बघू लागला. "काय झालं? नंदे, तू तरी सांग हिला. तुझं ऐकते ती."

तो दार धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर नंदिनीनं कधी न बघितलेली अजिजी होती. तिला एकच वाक्य बोलायचं होतं, कौलबिल सोडा आणि मिरजेला जा, आणि ते तिला पाठ होतं. कितीतरी दिवस ते तयार होतं. पण त्या क्षणी ते वाक्य म्हणजे आपण आत्ता सांगितलं ते मागे घेणं, असं तिला वाटलं.

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "तूच म्हणाला होतास ना, तिचं तिनं ठरवायचं."

अक्का जाग्या झाल्या होत्या. "मग त्या चिमणाबाई सुईणीला निरोप धाडा आजच," त्या अंथरुणातून म्हणाल्या. "ऐन वेळी सापडत नाही ती." दादानं चपला घातल्या आणि तो निरोप द्यायला गेला.

सोमवारी सकाळी नंदिनी शाळेची पिशवी भरत होती. स्पिरिटच्या बाटलीत तिनं माशा घेतल्या होत्या, मुलींना भिंगाखाली दाखवायला. परड्यात राखेनं भांडी घासायचा आवाज येत होता, आणि पायरीवर बसून वहिनी बायडाबाईशी बोलत होती. आवाज शांत होता, शिकवणाऱ्याचा असतो तसा.

"वरनं काय सुदिक दिसत न्हाय, बायडाबाई. कोश हाय तसाच ऱ्हातो. आपल्याला वाटतंय आत वाढाय लागलंय. पर ते कोवळं असतानाच टोचलेलं असतंय. आतलं सगळं कवाच संपलेलं असतंय, नुसतं कवच घेऊन बसायचं." ती थांबली. तळहात पोटावरून फिरून एका जागी टेकला. "हलतंय म्हणून आपण खुळ्यागत हरखायचं. हलतंय ते दुसरंच असतंय."

"असलं कोण सांगितलं तुमास्नी?"

"वन्संनी. त्यांनी भिंगातनं बघितलंय."

भांड्यांचा आवाज थांबला होता. नंदिनी पिशवीचा बंद हातात धरून ऐकत राहिली. शेवटचं पोटाचं सोडलं, तर सांगण्यात कुठंही चूक नव्हती. एकदाच ऐकून इतकं नीट मांडणारी मुलगी तिच्या वर्गात एकही नव्हती.